कॉलिनचा बंद ग्रह

किटलीत चहा मुरत होता आणि डोरीन पास्क टोस्टला लोणी लावत होती, तेवढ्यात दार वाजलं. केंब्रिजच्या त्या गल्लीत इतक्या लवकर पोस्टमनसुद्धा फिरकत नसे. दारात नायजेल उभा होता, सायकल भिंतीला टेकवून.

नायजेल म्हणजे कॉलिनच्या, तिच्या लेकाच्या, कंपनीतला. दोघं मिळून अंतराळात भटकण्याचा कॉम्प्युटर गेम बनवायचे. कॉलिन ग्रह घडवायचा. आणि जिथे खेळणाऱ्यांना जाता येत नाही तिथे का जाता येत नाही, याची कारणं नायजेल लिहायचा. खरं कारण बहुतेकदा एकच असे, ती जागा अजून बांधून झालेली नसे. पण ते कबूल करायचं नाही असा त्यांचा रिवाज. मग कुठे युद्ध, कुठे सुरुंग. डोरीन एकदा म्हणाली होती, "फरशी पुसलीय, वाळेपर्यंत येऊ नका, असं लिहा की." कॉलिनने एका अवकाशतळावर खरंच तशी पाटी लावली. खेळणारे महिनाभर डोकं खाजवत बसले.

कॉलिनला जाऊन अकरा आठवडे झाले होते. फुप्फुसांचा आजार. चाळिशीही गाठली नाही.

नायजेल उभ्याउभ्याच बोलत सुटला. कॉलिनचा शेवटचा ग्रह अर्धवट राहिलाय, तो पुरा करणं कुणाला जमेना, म्हणून कायमचा बंद करायचं ठरलंय. उद्या गेममध्ये जाहीर होईल. त्याआधी तिने वाचावं, एवढ्यासाठी तो आला होता.

"बस आधी. तुझी आई म्हणेल, या बाईने पोराला चहाही विचारला नाही," असं म्हणत तिने चष्मा लावला.

कागदावर तीनच ओळी होत्या. रोगाची साथ आली. कुणी जगलं नाही. प्रवेश बंद.

तिथे वस्ती होती का, तिने विचारलं. होती, तो म्हणाला. एकच गाव, चाळीसेक घरं. आत काहीच नाही, नुसत्या भिंती. पण खिडक्यांत कॉलिनने दिवे लावून ठेवलेत.

डोरीनने टोस्टची बशी त्याच्यापुढे सरकवली. मग बराच वेळ ती त्या कागदाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. कारण पटण्यासारखं असावं लागतं, नायजेल चाचरत म्हणाला, नाहीतर लोक रोज जाऊन धडका देतात.

"बंद ठेवा, माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "फक्त ती माणसं आजाराने गेली असं लिहू नकोस. गाव सोडून दुसरीकडे राहायला गेली, असं लिही."