चवळीची चौथी ओळ

अंजलीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. असं कुणी म्हणतं का? पण तोंडून तेच निघालं. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते. मुलगा म्हणतो, "आई, जरा रिलॅक्स कर ना." त्याला काय सांगू... मनोहरभाऊंना, अंजलीच्या बाबांना, एक गोष्ट सांगायची राहून गेली.

भाऊ देशात शेतकी कॉलेजात शिकवायचे. रिटायर झाल्यावर इथे अमेरिकेत चँडलरला लेकीकडे आले. मी मुलाकडे आलेली, चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. एका सत्यनारायणाला कुणीतरी सांगितलं की मी वरुडकडची, तर ते हातातला प्रसाद घेऊनच माझ्याजवळ आले. "वहिनी, म्हणजे तुम्ही संत्र्यातल्या. उद्या सकाळी तयार राहा."

गावाबाहेर एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाची संत्र्याची बाग होती. ती घरं बांधणाऱ्यांना विकायची ठरली होती. तोवर त्याने आठ ओळी भाऊंना प्रयोगासाठी दिल्या होत्या. काही ओळींत झाडांखालची जमीन उघडी ठेवलेली, काहींत क्लोव्हरचा चारा किंवा बार्ली पेरलेली, आणि रस्त्याकडेच्या चौथ्या ओळीत, त्या एकाच ओळीत, चवळी. मला तो पसारा बघवेना. माझे सासरे बागेत गवताची काडी राहू देत नसत. बाग बघूनच लोक घर ओळखायचे.

"बाग कशी ताटासारखी लख्ख हवी," मी म्हटलं.

"रिकाम्या ताटासारखी," भाऊ म्हणाले. "मग झाडानं जेवायचं काय?"

त्यांचं खरं काम गॅरेजमध्ये चाले. संत्र्याची बारीक मुळं उकळायची, मग दौतीतली निळी शाई आणि व्हिनेगर एकत्र करून त्यात ठेवायची, आणि मुळांतली बुरशी मायक्रोस्कोपमधून बघायची. बुरशी म्हटल्यावर मी तोंड वाकडं केलं. "लोणच्यावरची नव्हे हो. ही झाडाची कामकरीण. मूळ पोचत नाही तिथून पाणी, खत आणून देते आणि मजुरीत साखर घेते. जमिनीत सारखं काही हिरवं जिवंत राहिलं तर हिची वस्ती वाढते. जमीन खुरपली की हिचे धागे तुटतात." मी डोळा लावला. मुळाच्या आत निळे धागे, फणीत अडकलेल्या केसांसारखे. मी मान हलवली, पण मला पटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ दीड महिना देशात गेले. कालव्याचं पाणी सुटलं की ते ओळींत नीट फिरतंय ना एवढंच मला बघायला सांगितलं होतं. मुलगा कामावर जाताना मला बागेत सोडायचा. एकदा बाग विकत घेणाऱ्यांची माणसं गाड्या भरून बघायला आली. चौथ्या ओळीतली चवळी आणि तिच्यात माजलेलं गवत बघून दोघं हसले. भाऊंच्या कामाला हसले असं मला वाटलं, जिवाला लागलं. गावाहून पेटीत आणलेलं खुरपं काढलं आणि तीन सकाळींत ओळ लख्ख केली. मागे वळून बघितलं तेव्हा फार बरं वाटलं... आणि घरी येताना आठवलं, जमीन खुरपली की धागे तुटतात. दुसऱ्या दिवशी घरातली चवळी नेऊन तिथे पेरली. उगवली.

भाऊ आले. "ही चवळी एवढीशीच कशी राहिली?"

"ऊन फार होतं," मी म्हटलं.

त्या ओळीच्या मुळांत निळं जवळजवळ काहीच दिसेना. भाऊ पुन्हा पुन्हा मुळं आणत, पुन्हा उकळत. जेवताना मध्येच थांबत. "वहिनी, शेजारची ओळ भरलेली आणि हीच रिकामी. माझंच काहीतरी चुकतंय." माझ्या तोंडाशी यायचं, मी पोळी वाढायची. थंडीत बाग विकली गेली, झाडं उपटली. आता बघायला ओळच उरली नाही. मग भाऊही गेले.

पंधरा दिवसांपूर्वी अंजलीने त्यांची वही आणली. तिला मराठी भरभर वाचता येत नाही. "मावशी, बाबांचे फ्रेंड देशात संत्रेवाल्यांना हे सगळं सांगणार आहेत. शेवटचं पान वाच ना." मी बोट ठेवून वाचलं. 'ओळ चार. कारण कळत नाही. संत्र्याखाली चवळी लावू नये.'

माझ्या चुकीपायी कुणी बिचारं चवळी लावायचं सोडणार होतं. मी उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. मग सांगून टाकलं, सगळं. "ही वॉज सो अपसेट, मावशी. त्यांना का नाही सांगितलंस?" मी वही तिच्यापुढे ठेवली. मग तिनेच वही माझ्याकडे सरकवली. "लिही खाली. यू हॅव टू."

गॅरेजमधून तिने भाऊंचं पेन आणि शाईची दौत आणली. ते मुळं रंगवायचे त्याच शाईने लिहायचे. भाऊंच्या अक्षराखाली मी लिहिलं, 'ही ओळ मी खुरपली होती. चवळीचा दोष नाही.' आणि खाली नाव घातलं.

वही देशात गेली. दौत अंजलीने मला दिली. ती ओट्याजवळ खिडकीत आहे, तळाशी बोटभर शाई. मागच्या अंगणातल्या लिंबोणीखाली आता गुडघ्याएवढं गवत झालंय. रोज सकाळी हात शिवशिवतात. मी खुरपं उचलते, दौतीकडे बघते, आणि खुरपं परत ठेवते.