दिवाळसणाची न्हाणी

आमच्या घरी जावयाच्या अंघोळीसाठी जेवढी धावपळ झाली, तेवढी माझ्या परीक्षांसाठी कधी झाली नाही. हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं आणि त्याबद्दल आईचा धपाटा खाल्ला होता. मी अकरावीत होते आणि माझी जीभ तेव्हापासूनच तिखट आहे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही जळगावात, गावाच्या कडेच्या वस्तीत राहायचो. दोन खोल्या, मागे थोडं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी. आबा, म्हणजे माझे वडील, एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायचे. मूळचे भडगावकडचे शेतकरी, पण भावांमध्ये जमिनीचे इतके तुकडे झाले की त्यांनी शहर धरलं. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न करून तिला धुळ्याला दिलं होतं.

नवरात्रात अक्का चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आली. चाराचे आठ झाले, दसरा गेला, कोजागिरी गेली, पण सासरहून न्यायला कुणी येईना. शेजारणी पाणी भरताना मुद्दाम थांबून विचारायच्या, ‘अजून आहे का पोर?’ आई म्हणायची, आहे की, दिवाळी करूनच जाईल. आणि घरात येऊन हंडा आपटायची. अक्काला विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, सगळं बरं आहे. त्यापुढे ती बोलायची नाही आणि आईही खोदून विचारायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईचं आवडतं वाक्य होतं. मला त्या वाक्याचा तेव्हाही राग यायचा.

मग नात्यातल्या एकाकडून निरोप आला. जावई पहिल्या दिवाळसणाला येतील. मान नीट झाला तर जाताना अक्काला घेऊन जातील. नाहीतर पुढचं पुढे बघू.

आता मान म्हणजे कपडे आले, फराळ आला आणि नरकचतुर्दशीची अंघोळ आली. इथेच आबांचा चेहरा उतरला. लग्नाच्या बोलणीच्या वेळी अक्काची सासू आमच्या न्हाणीत पाय धुवायला गेली होती आणि पदर नाकाला लावून बाहेर आली होती. त्यात तिची चूक नव्हती. छातीएवढ्या भिंती, शेवाळलेली शहाबादी फरशी, मोरीचं तोंड सदा तुंबलेलं आणि एका बिजागरीवर लटकणारं पत्र्याचं दार, जे आम्ही आतून तारेने अडकवायचो. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. पण सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या, ‘आमच्या मुलाला अशा मोरीत अंघोळ जमायची नाही.’ ते वाक्य आबांना लागलं होतं. न्हाणी धड नाही म्हणून आपली पोर माघारी बसली, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. एकदा त्यांनी डोक्यात घेतलं की ते काढायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नसे.

गवंडी लावायची ऐपत नव्हती. तेव्हा कामावरून आल्यावर आणि सुटीच्या दिवशी आबा स्वतःच लागले. हाताखाली आम्ही दोघी बहिणी. टाइल्सच्या एका दुकानामागे फुटक्या टाइल्सचा ढीग पडलेला असायचा. आबांनी दुकानदाराला विचारून सायकलला पोती बांधून ते तुकडे आणले. पांढरे, आकाशी, मधूनच गुलाबी फुलाची अर्धी पाकळी असलेले. अक्का अंगणात बसून ते रंगाप्रमाणे वेगळे करायची. त्या कामात तिचा हात चांगला होता. कुठला तुकडा कुठे बसेल हे तिला बघताक्षणी कळायचं.

पहिल्या दिवशी लावलेले सगळे तुकडे दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पडलेले. भिंत वर्षानुवर्षं साबणाने बुळबुळीत झालेली, तिला छिन्नीने टाचे न मारताच आबांनी सिमेंटचा माल थापला होता. आई म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. छिन्नी हातोडा घेऊन आबांनी भिंत टोचायला सुरुवात केली आणि त्या ठोक्यांवरून कळत होतं, आज यांच्या वाटेला जायचं नाही. जमिनीचंही तेच झालं. कोबा घातला आणि त्याचा उतार उलटाच पडला. तांब्याभर पाणी ओतलं तर ते मोरीकडे न जाता कोपऱ्यात जाऊन साचलं. आबा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभे राहिले. मग ओला कोबा उकरून पुन्हा घातला. दिवाळी दारात आली होती आणि सिमेंट काही आपल्या घाईने वाळत नसतं. घरात कुणी मोठ्याने बोललं तरी सगळे दचकायचे.

एकदा भिंतीवर तुकडा दाबता दाबता अक्का म्हणाली, ‘आबा, एवढं नका करू.’

आबांना वाटलं, ती खर्चाचं बोलते आहे. ते म्हणाले, तुझ्याचसाठी करतोय ना पोरी. अक्काने तो तुकडा दाबून धरला आणि पुढचा उचलला. मला मात्र चीड आली. एका माणसाने एकदा अंगावर पाणी घ्यायचं, त्यासाठी माझ्या बापाने गुडघे फोडून घ्यायचे, हा कुठला न्याय? मी तसं म्हटलंही. आबांनी हातातली थापी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी उठून घमेलं भरायला गेले.

शेवटचा हात जमिनीला होता. सिमेंटात लाल रंग घालून आबांनी ती गुळगुळीत करून घेतली. शेजारच्या काकूंनी सांगितलं की घासलेटात मेणबत्त्या विरघळवून पोत्याने घासलं तर कोबा आरशासारखा होतो. ते काम माझ्याकडे आलं. मी रागारागाने घासलं, त्यामुळे फारच छान झालं. भिंतींना वर चुन्यात नीळ घालून हात दिला, दाराला दुसरी बिजागरी आणि हिरवा ऑइल पेंट लागला, चिंचेने घासलेला बंब उजळला. वसुबारसेच्या दिवशी आबा अंगणात उभे राहून म्हणाले, एकदाचं घोडं गंगेत न्हालं. कितीतरी दिवसांनी ते हसले होते. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला. गल्लीतल्या बायका न्हाणी बघायला येऊन गेल्या.

धनत्रयोदशीला संध्याकाळच्या बसने जावई आले. दिसायला नीटनेटके, बोलायला मऊ. आबांनी जेवण झाल्याबरोबर त्यांना मागे नेऊन न्हाणी दाखवली. ते म्हणाले, वा, घरीच केलं? आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवत नव्हतं, इतकं ते लहान मुलासारखं होतं. आई दारामागे उभी राहून देवाला हात जोडत होती. पाहुण्याने वा म्हटलं, म्हणजे पोर नांदायला जाणार. सगळं त्या एका अंघोळीवर येऊन ठेपलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंब धडधडला. न्हाणीभोवती रांगोळी, दोन्ही बाजूंना पणत्या, आत पाट. अक्काने नवऱ्याला तेल लावलं, उटणं लावलं. रिवाज असा की अर्धी अंघोळ झाली की ओवाळायचं. आई ताम्हणात दिवा घेऊन आली, पण न्हाणी एवढीशी, आत अक्का घंगाळाजवळ उभी, आईला आत शिरता येईना. ती म्हणाली, जावईबापू, जरा दारापाशी या. मी आईच्या मागे होते, आबा माझ्या मागे.

जावई पाटावरून उठले. तेलाने माखलेला पाय माझ्या त्या मेण लावलेल्या लाल जमिनीवर पडला आणि पुढच्या क्षणाला ते धाडकन खाली बसले. घंगाळ कलंडलं. झालं, मी मनात म्हटलं, आता काही अक्का जात नाही.

अक्का त्यांना उठवायला वाकली. त्यांनी उठण्यासाठी आधार मागायला हात वर केला. नुसता हात वर केला, एवढंच. आणि अक्का मटकन खाली बसली. भिंतीला चिकटून, डोकं गुडघ्यांत घालून, दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून. हातातला तांब्या गडगडत माझ्या पायाशी आला.

जावयांचा हात तसाच वर राहिला. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग त्या हाताकडे, आणि हळूच तो खाली घेतला. त्यांना कळलं होतं की आम्हाला कळलं. इतक्या दिवसांत अक्काने एक शब्द उच्चारला नव्हता आणि आता तिला काही सांगायचं उरलं नव्हतं. ती तशीच बसून होती. उठायला हवं, हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

आबा आईला बाजूला करून आत गेले. त्यांनी आधी जावयांना हाताला धरून उठवलं, पाटावर बसवलं. लागलं का फार, विचारलं. मग अक्काला उठवून माझ्या हाती दिलं. आणि जावयांच्या अंगावर बंबात उरलेलं पाणी त्यांनी स्वतः घातलं, तांब्यामागून तांब्या. अंग पुसायला पंचा, नवे कपडे, चकल्या, करंज्या, चहा, सगळा मान रीतसर झाला. एकही गोष्ट चुकली नाही. मी आतून उकळत होते आणि आबांचा तो शांतपणा मला सहन होत नव्हता. मला वाटलं, हा माणूस आता पोरीला बसमध्येही बसवून देईल.

फराळ झाल्यावर जावई म्हणाले की भाऊबीज झाली की निघू, तिची पिशवी भरून ठेवायला सांगा. आबा शहरात शहरासारखं बोलायचे, पाहुण्यांशी तर नक्कीच. पण त्या वेळी ते गावाच्या बोलीत बोलले.

‘तुम्ही निघा. पोर आते आठेच राही.’ आठेच, म्हणजे इथेच.

जावयांचा मऊ आवाज पहिल्यांदा चढला. पडलो मी, आणि वर मलाच? तुमच्यासमोर मी तिला हात तरी लावला का?

‘आज नही लावा,’ आबा म्हणाले.

जावयांनी नवे कपडे तिथेच उतरवून ठेवले, आपले जुने घातले आणि सकाळच्याच बसने गेले. आबा त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आले. पाहुणा तो पाहुणा.

ते परत आले तेव्हा आई उंबऱ्यात बसून रडत होती. सणाच्या दिवशी जावई दुखावून गेला, पाठीमागे दुसरी लग्नाची आहे, सहा महिन्यांत पोर परत आली. लोकांना काय सांगायचं, हा एकच प्रश्न ती आबांना गावाच्या बोलीत पुन्हा पुन्हा विचारत होती, ‘लोकेसले काय सांगशात?’ आबा खाटेवर बसून राहिले. मी आईवर ओरडणार होते, पण अक्का समोर होती म्हणून गप्प बसले.

घरात अजून कुणाचीच अंघोळ झाली नव्हती. सण तर होता. शेवटी आईने डोळे पुसले, तेलाची वाटी कोमट केली आणि अक्काला म्हणाली, चल. आल्यापासून अक्काने आईला पाठीला तेल लावू दिलं नव्हतं, मी माझं लावते म्हणायची. त्या दिवशी तिने नाही म्हटलं नाही. मी न्हाणीत पोतं अंथरून दिलं. दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

बराच वेळ आतून पाण्याचा आवाजच आला नाही. आईचाही नाही. आबा खाटेवरून उठून अंगणात आले आणि दाराकडे बघत उभे राहिले. मग पाणी पडायला लागलं, हळूहळू, थांबत थांबत.

आई बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले होते. ती रडत नव्हती. ती आबांसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘लोकेसले मी सांगसू.’