दहा खिळ्यांची आत्या

आम्ही तिघं जमलो की विषय ठरलेला असतो. लंबू आता सरकारी खात्यात साहेब झालाय, स्कॉलर आमच्याच पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवते, आणि मी माझा छोटा दवाखाना चालवते. पण भेटून पाच मिनिटं होत नाहीत तोच आम्ही पुन्हा शेवटच्या वर्षाला असतो आणि परदेशातल्या त्या धर्मादाय दवाखान्यात सहा आठवडे फुकट राबायला निघालेले असतो. लंबूला तिथलं गाढव आठवतं, त्याला लाथ मारणारं. ती लाथ वर्षागणिक जोरदार होत चालली आहे. पहिल्या वर्षी नुसती मांडीला लागली होती, यंदा तो तीन फूट उडाला. स्कॉलरला तिथल्या सकाळी आठवतात. मला आत्या आठवते.

निघालो तेव्हा आम्हाला शिंगं फुटली होती. आपण जाणार, मुक्या जनावरांचं भलं करणार, तिथल्या लोकांना चार गोष्टी शिकवणार आणि प्रमाणपत्र घेऊन परत येणार, असा साधारण बेत होता. दवाखाना पाहिला आणि अर्धी हवा तिथेच गेली. पूर्वीची लाकडाची वखार होती ती. पुढच्या खोलीत तपासणी, मागच्या खोलीत ऑपरेशन आणि त्यामागे फरशीचं अंगण. ऑपरेशनचं टेबल म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं जुनं टेबल, चारही पायांखाली विटा लावून उंच केलेलं, कारण तिथले मोठे डॉक्टर चांगलेच उंच होते. लंबूची सोय झाली. मी मात्र खोक्यावर उभी राहायचे.

आत्या त्या अंगणाची मालकीण. साठीची, बुटकी, भरल्या अंगाची. पायात पुरुषी बूट, बाह्या कोपरापर्यंत वर आणि स्वेटरवर छातीशी ओळीने सेफ्टी पिना. पहिल्याच दिवशी तिने काही न बोलता लंबूचे हात ओढून घेतले, नखं पाहिली आणि ब्रश हातात दिला. स्कॉलर म्हणाली, "अगं, ही तर डिट्टो माझी आत्या!" झालं, नाव पडलं. तिलाही ते आवडलं असावं, कारण हाक मारली की ती 'ओ' द्यायची. तिची भाषा आम्हाला येत नव्हती. अर्धं शब्दांत, अर्धं हातवाऱ्यांत चालायचं. इथे मी ते सरळ मराठीत लिहितेय, कारण इतक्या वर्षांनी मला ते मराठीतच ऐकू येतं.

तीस वर्षं ती माणसांच्या हॉस्पिटलात चादरी धुण्याच्या कामावर होती. मग मोठी यंत्रं आली आणि बायकांना घरी बसवलं. नवरा आधीच गेलेला. एकदा ती आपलं एका डोळ्याचं मांजर घेऊन या दवाखान्यात आली. नंबर लागेपर्यंत बसली असताना कोपऱ्यातला मळक्या कापडांचा ढीग तिला बघवेना. उठली आणि धुऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मांजर बरं होऊन घरी गेलं, आत्या राहिली ती अकरा वर्षं.

तिची खरी सत्ता होती ती ऑपरेशनच्या खोलीतल्या एका फळीवर. फळीला दहा खिळे. पोट उघडलं की रक्त टिपायला जाळीदार कापडाचे तुकडे लागतात, त्यांना आम्ही गॉज म्हणतो. रक्ताने भिजलेला गॉज आतड्यांमध्ये असा मिसळून जातो की समोर असून दिसत नाही. तो आत राहिला तर वरून टाके सुंदर आणि आत पू. आठ-दहा दिवसांत जनावर हातचं जातं. म्हणून आत्या आदल्या दिवशी दहा-दहा तुकड्यांच्या पुरचुंड्या बांधून वाफेवर निर्जंतुक करायची. वापरलेला तुकडा बादलीत पडला की उचलून, पिळून खिळ्याला अडकवायची. दहाही खिळे भरले की म्हणायची, "शिवा." त्याआधी सुईला हात लावायचा नाही आणि पुरचुंडी तिच्याशिवाय कुणी सोडायची नाही. आमच्या कॉलेजात हा आकडा पाटीवर लिहितात, असं स्कॉलरने तिला ऐटीत सांगितलं. आत्या म्हणाली, "पाटी पुसली जाते."

काय दिवस होते ते! सकाळी अंगणात बंबाची वाफ, साबणाचा आणि फिनाइलचा वास, दोरीवर पन्नास पांढरे तुकडे आणि खाली घोंगड्यांवर ओळीने निजलेल्या, नसबंदीनंतर भुलेतून जाग्या होणाऱ्या कुत्र्या. प्रत्येकीच्या मानेखाली टॉवेलची गुंडाळी. एखादीने डोळे किलकिले केले की आत्या कामातून मान वर करून विचारायची, "आलीस का गं?" असं विचारणारं माणूस आमच्या एवढ्या मोठ्या कॉलेजात एकही नव्हतं. मी आज माझ्या दवाखान्यात तेच विचारते, पण तिच्या आवाजातला हक्क मला जमत नाही.

पाचव्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी मला पहिलं ऑपरेशन एकटीने करायला दिलं. एका मोच्याची कुत्री होती, पांढरी, कानाशी तपकिरी. मोची आत्याच्याच गल्लीतला. एकटा माणूस, ही कुत्री हेच त्याचं घरदार. मी इतकी उतावीळ की विचारू नका. आत्या अंगणात आधीच्या कुत्रीला निजवत होती, तेवढाही धीर मला निघाला नाही. पुरचुंडी मीच सोडली. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती, म्हणून वरचा एक तुकडा घेऊन काचा पुसल्या आणि तो एप्रनच्या खिशात कोंबला. मग हात धुतले, वरून गाऊन चढवला, हातमोजे घातले. काचा पुसल्याचं माझ्या गावीही नव्हतं.

ऑपरेशन झकास झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत सुई उचलली आणि आत्या म्हणाली, "थांब. नऊ."

बादली पालथी केली. टेबलाखाली पाहिलं. लंबूने बूटसुद्धा उचलून दाखवले. दहावा खिळा रिकामाच. "पुरचुंडीत नऊच बांधले असतील," मी म्हटलं. ती म्हणाली, "मी दहा बांधले." माझा पारा चढला. मी ओरडले, "आत्या, आधी डोळे तपासून घ्या!" तेवढ्यापुरती भाषा मला बरोबर येत होती.

मोठे डॉक्टर धावत आले. शंका आहे तोवर शिवायचं नाही, हा नियम त्यांचाच. भूल वाढवली आणि त्यांनी पोट पुन्हा इंच न् इंच तपासलं. कुत्रीचा श्वास मंदावला, हिरड्या पांढऱ्या पडल्या. आत काहीच नव्हतं. तासाभराने त्यांनी टाके घातले, हातमोजे काढले आणि आत्याला म्हणाले, "बाई, वय झालं. उद्यापासून मोजायचं काम ही मुलं करतील. तुम्ही अंगण सांभाळा." आवाज अजिबात चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. बाहेर मोची कासावीस होऊन बसला होता. इतका वेळ का लागला, म्हणून त्याने विचारलं तर त्यालाही सांगितलं गेलं की मोजणाऱ्या बाईची चूक झाली. त्याने आत्याकडे जे पाहिलं ते मी पाहिलं. दुपारभर आत्या त्या कुत्रीला पोटाशी धरून, गरम पाण्याच्या बाटल्या लावून बसली. संध्याकाळी कुत्रीने शेपूट हलवली.

संध्याकाळी खोलीवर एप्रन काढताना खिशात हात गेला आणि दहावा तुकडा हाताला लागला.

मी काय केलं? अळीमिळी गुपचिळी. दहा-बारा दिवसांनी परत जायचं होतं, मोठ्या डॉक्टरांचं शिफारसपत्र मिळायचं होतं. कुत्री वाचली आहे, आता कशाला उकरायचं, अशी मनाची समजूत घातली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मी माझा एप्रन स्वतः धुतला. सकाळी आत्याने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "साबण नीट निघाला नाही." खाई त्याला खवखवे. मला वाटलं हिला सगळं कळलं. तिला काहीच कळलं नव्हतं.

चार दिवस ती अंगणातच राहिली. आतून कुत्री बाहेर आणली की दारातून विचारायची, "दहा?" स्कॉलर मान डोलवायची. आत्याचं समाधान व्हायचं नाही, पण ती उंबरा ओलांडायची नाही. उरलेल्या वेळात मोरीच्या कठड्यावर उन्हात बसून एकच चाळा, सुईत दोरा ओवायचा, काढायचा, पुन्हा ओवायचा. गल्लीत मोची तिच्याशी बोलेनासा झाला होता. त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की म्हातारीला दिसत नाही आणि तिच्यापायी माझी कुत्री दोनदा फाडली.

चौथ्या दिवशी मी घोंगड्या न्यायला अंगणात गेले. आत्याने सुई माझ्यापुढे धरली. "पोरी, तुझे डोळे तरुण आहेत. दोरा गेलाय का आत, बघ जरा."

दोरा गेला होता. सरळ, स्वच्छ गेला होता. तिलाच तो खरा वाटत नव्हता. ज्या बाईने अकरा वर्षांत एक तुकडा चुकवला नव्हता, तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी घालवला होता, आणि ती खातरी करून घ्यायला माझ्याकडेच आली होती. मला रडू फुटलं. खिशाचं, चष्म्याचं, सगळं सांगितलं. शब्द अडले तिथे हातांनी करून दाखवलं.

तिने सुईतला दोरा ओढून काढला. मग विचारलं, "कधी कळलं तुला?"

"त्याच संध्याकाळी."

तिने माझ्या पाठीत एक सणसणीत ठेवून दिली, ओल्या हाताने. मग सुई पिनांशेजारी खोचली आणि म्हणाली, "डॉक्टरांना नंतर सांग. आधी चल."

मोच्याच्या दुकानापर्यंत दहा मिनिटांची वाट होती. वाटेत तिने मला एक वाक्य पाठ करायला लावलं. माझा उच्चार तिला पसंत पडेना. ती थांबायची, माझी हनुवटी धरून तोंड कसं उघडायचं ते दाखवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. येणारे-जाणारे बघत होते. "आत्या, अर्थ कळल्याशी कारण," मी म्हटलं. ती म्हणाली, "नीट म्हण. लोकांना हसायला कारण नको. ते हसले तर ऐकणार कोण?"

दुकानापुढे तीन-चार माणसं बूट घेऊन उभी होती. कुत्री उन्हात पसरली होती, पोटावर माझ्या फुशारकीची भलीमोठी शिवण. मी वाक्य म्हटलं. आत्या म्हणाली, "मोठ्याने." मी मोठ्याने म्हटलं. मोच्याची हातोडी थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ उठला, स्वतःचं स्टूल फडक्याने पुसलं आणि आत्याला बसायला दिलं. ती बसली. मी तिथेच उभी. मला कुणी बस म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं.

मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, अंगणात गेले आणि सगळ्यांसमोर आत्याची माफी मागितली. ती म्हणाली, "डोळे तपासून घेईन मग येईन." आणि खरंच तपासून आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा सांगितला तो फक्त वाचायला, आणि वाचता तर तिला येत नव्हतं! हे ती आठवडाभर सगळ्यांना हसून सांगत होती. मला शिफारसपत्र मिळालं. त्यात माझ्या हाताचं कौतुक होतं आणि खाली त्या गॉजची हकिगतही. ते पत्र मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही.

मागच्या महिन्यात आम्ही जमलो तेव्हा स्कॉलरने टूम काढली, त्या भाषेतलं कुणाला काय आठवतंय? सहा आठवड्यांत शे-दीडशे शब्द तरी शिकलो होतो आम्ही. लंबूला 'गाढव' आणि एक शिवी आठवली. स्कॉलरला आकडे आठवले, तेही सातपर्यंत. माझी सगळी भाषा गेली. पाणी गेलं, कुत्रा गेला, 'दुखतंय का'सुद्धा गेलं. राहिलं ते एक वाक्य: 'चूक माझी होती, हिने बरोबर मोजलं होतं.' मी ते म्हणून दाखवलं. उच्चार अजून अगदी तिला हवा तसा आहे.