तिसरीतली मुलगी आणि माझी मिशी

आमची शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मालेगावातल्या माझ्या घरून मोटारसायकलने वीस मिनिटांचा रस्ता. त्या गावात मी नऊ वर्षं काढली होती आणि वाचता न येता एकही पोर माझ्या हाताखालून पाचवीला गेलं नव्हतं. शिकवता येतं मला, हे मी आजही बिनदिक्कत सांगतो.

त्या जूनमध्ये तिसरीत एक नवी मुलगी आली. तिची आई तिला घेऊन माहेरी राहायला आली होती. मुलीच्या दोन्ही कानांमागे ऐकण्याची मशिनं होती. आई म्हणाली, "सर, मशीननं आयकू येते तिले, पण सारं नाही येत. तुमी समोर बसवजा." मी पहिल्या ओळीत बसवलं आणि आपलं काम झालं असं समजलो.

महिनाभर ती माझ्या वर्गात एक शब्द बोलली नाही. फळ्यावरचं नीट उतरवायची. गणित चुकायचं नाही. पण तोंडी काही विचारलं की माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची आणि मग मान खाली घालायची. मी आवाज चढवायचो. आणखी चढवायचो. एकदा बाई शेजारच्या खोलीतून धावत आल्या, कोणाला काही लागलं की काय म्हणून.

हीच मुलगी खिचडीच्या सुट्टीत बाईंशी भरभर बोलताना मी पाहिली. मला ते लागलं. मी बाईंना विचारलं, "मले भेते का ही?"

"तुमाले कोण भेते सर?" बाई म्हणाल्या. त्याही बरोबरच होत्या.

आमच्याकडे पंधरा दिवसांनी एक फिरती विशेष शिक्षिका स्कूटीवर यायची. वयाने माझ्याहून बरीच लहान. त्या दिवशी ती तासभर मागे बसून राहिली. पोरं सुट्टीला गेल्यावर वही मिटत म्हणाली, "सर, राग नका मानू. दोन गोष्टी सांगते. तुमी फळ्याकडे तोंड करून बोलता. आन् दुसरं म्हंजे, तुमची मिशी."

"मिशीचं काय?"

"ती पोरगी निम्मं कानानं आयकते, निम्मं ओठावरून समजते. तुमचे ओठ दिसतच नाहीत. बाईचे दिसतात."

मी हसलो. पण घरी आल्यावर आरशासमोर उभा राहिलो आणि आवाज न काढता म्हणून पाहिलं, "पुस्तक उघडा." मिशी हलली, एवढंच. मला खरोखर लाज वाटली. महिनाभर मी त्या मुलीवर ओरडत होतो आणि ती माझ्या तोंडावर शब्द शोधत होती.

आधी कात्रीने कातरून पाहिली. तरी ओठ झाकलेलेच. मग रविवारी सलूनमध्ये जाऊन बसलो आणि म्हटलं, "मिशी काढा."

आमच्या भागात बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. न्हाव्याचा वस्तरा हातातच राहिला. त्याने हळूच वडिलांबद्दल विचारलं, "सर, वालिदसाहब...?"

"ठीक आहेत ते."

"मंग काहून काढून राह्यले?"

"शाळेचं काम आहे," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही, पण त्याने काढली.

वडील अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांची मिशी पांढरी, भरघोस, टोकं गालापर्यंत गेलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी जिता आहो अजून." मग दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. शेजारचे एक काका भेटायलाच आले, दारात वडिलांना धडधाकट बघून पाणी पिऊन परत गेले.

सोमवारी वर्ग खो-खो हसला. मी हसू दिलं. मग पोरांकडे तोंड करून, न ओरडता, एक वाक्य सांगितलं: "माझा पाय दुखतो." त्या मुलीने लिहून पाटी वर धरली: "माझा माय दुखतो."

चूक होती, पण मी खूश झालो. महिन्यात पहिल्यांदा तिने माझं वाक्य पकडलं होतं. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, हे विशेष शिक्षिकेकडून मला त्यानंतर कळलं. तिने खुणा शिकवल्या: म म्हणताना नाकाला बोट, ब म्हणताना गळ्याला. मी त्याचा साऱ्या वर्गाचा खेळ केला. धड्यातले नवे शब्द आधी फळ्यावर लिहायचे, मग वळून बोलायचं, असा नेमच केला. चौथीतला एक मुलगा वाचताना कायम अडखळायचा, तोही त्या खुणांनी सुधारायला लागला. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

दिवाळीनंतर एका शनिवारी वडील म्हणाले, "चाल, मले दाखव तुही शाळा." मोटारसायकलवर मागे बसून आले. वर्गात खुर्चीवर बसले आणि त्या मुलीला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. तिने त्यांच्या तोंडाकडे बारकाईने पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "आबाजी, तुमी काय बोलून राह्यले ते दिसत नाही."

वडिलांनी दोन बोटांनी आपली मिशी वर उचलून धरली आणि पुन्हा विचारलं, "तुले जेवाले काय आवडते?"

"मुंगवडे," ती म्हणाली.

घरी येऊन उतरल्यावर वडील एवढंच म्हणाले, "वाढवू नको आता. राहू दे असंच."

यंदा ती पाचवीला मालेगावच्या मोठ्या शाळेत गेली. तिथे वर्गात पन्नासेक मुलं, मला जरा धास्ती होती. जुलैमध्ये तिची आई बसस्टँडवर भेटली. मी विचारलं, "जमते का तिले तिथं?"

"जमते न सर," आई हसत म्हणाली. "पयल्याच दिवशी उभी राह्यली आन् गणिताच्या सरले म्हने, सर, फळ्याशी नका बोलू, माह्याशी बोला."

"मंग सर काय म्हनाले?"

"वळले न."