धाकट्या गुरुजींचा लांब सूर

आमच्या कोळवणच्या शाळेत दोन गुरुजी होते. थोरल्यांनी नियम केले आणि धाकट्यांनी प्रार्थनेला चाल लावली. थोरल्यांचा सगळ्यात कडक नियम असा, की प्रार्थना संपली की दार बंद. मागाहून येईल तो गैरहजर. धाकट्यांच्या चालीत तिसऱ्या ओळीतला ‘देवा’ इतका लांबायचा, की देवानंच कंटाळून ओ द्यावी.

प्रार्थना सांगायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा आवाज मोठा होता. गोड आहे असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. मी ‘देवा’ धरायचा, पोरांनी उचलायचा आणि धाकट्या गुरुजींचा हात खाली येईपर्यंत सोडायचा नाही. तो कधी येईल याचा नेम नसे. उन्हाळ्यात झटकन यायचा, पावसाळ्यात दोन-दोन वेळा श्वास घ्यावा लागे. तेवढा वेळ गुरुजी खिडकीतून ओढ्याकडे बघत राहायचे. चाली लावणारी माणसं अशीच असतात, अशी मी मनाची समजूत घातली होती.

चौथीत जाण्याआधीच्या सुट्टीत मी पुण्याला आत्याकडे राहिले. तिच्या शेजारी पेटीचा क्लास चाले. महिनाभर तो भिंतीआडून ऐकून मी गाण्यातली जाणकार होऊन परतले. गुरुजींची चाल कच्ची आहे, असा माझा निकाल झाला. श्रावणात दिप्टीसाहेब तपासणीला येणार होते. त्यांच्यापुढे शाळेचं हसं नको म्हणून मी चाल दुरुस्त करायचं ठरवलं. अर्थात कुणाला विचारलं नाही.

त्या दिवशी मी ‘देवा’ पटकन उरकला. गुरुजींचा हात वरच राहिला. पोरं धडपडत माझ्यामागं आली, प्रार्थना संपली आणि थोरल्या गुरुजींनी दार लावलं. साहेब “छान” म्हणाले, तशी मी फुगले.

मग हजेरी सुरू झाली आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं नाव आलं. ती ओढ्यापलीकडच्या धनगरवाड्यातली. शेरडांच्या धारा काढून शाळेला यायची. कुणीच ‘हजर’ म्हणेना.

“पुरात पंधरा दिवस नव्हती, आज पुन्हा नाही,” थोरले गुरुजी म्हणाले. “हिचं नाव कमी करावं लागेल, साहेब.”

नाव कमी झालं की पोरगी शेरडांमागं, असं तिच्या बापानं सांगूनच ठेवलं होतं. मी खिडकीतून पाहिलं. ती ओढ्यात होती, दप्तर डोक्यावर, पाणी गुडघ्याच्या वर. गुरुजी रोज काय बघायचे ते मला तेव्हा कळलं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मी उभी राहिले. “साहेब, प्रार्थना चुकली. मी माझीच चाल म्हटली, गुरुजींची न्हाई. परत म्हणू?”

थोरल्या गुरुजींनी डोळे वटारले. साहेबांना हसू आलं. “म्हणा,” ते म्हणाले. धाकट्या गुरुजींनी आधी जाऊन दार सताड उघडलं.

तिसऱ्या ओळीला मी ‘देवा’ धरला. ती बांधावर आली. घसा सुकला, डोळ्यांत पाणी आलं, साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी ती ओल्या परकरानं दारात आली आणि तिथूनच तिनं सूर उचलला. मग गुरुजींचा हात खाली आला आणि प्रार्थना पुरी झाली.

“हा सूर एवढा लांब का, गुरुजी?” साहेबांनी विचारलं.

“ओढ्याला पाणी आहे, साहेब.”

साहेबांनी दारात तिच्या पायाशी साचलेल्या पाण्याकडे पाहिलं. मग थोरल्या गुरुजींना म्हणाले, “प्रार्थना आत्ता संपली ना? मग हजर लिहा.”

मैत्रीण शेजारी येऊन बसली. “मगाशी मधीच का गं थांबलीस?” ती कुजबुजली. “तुझा आवाज हाय तवर दार उघडं, येवढं मला ठावं. तू थांबलीस, तशी मी माघारी फिरले व्हते.”

त्या पावसाळ्यात पुढं गुरुजींनी हात खाली केला, तरी ती माझ्या शेजारी बसायच्या पट्टीवर टेकेपर्यंत मी ‘देवा’ सोडला नाही.