माशांचा शनिवार

आमच्या फ्रीजवर, कपाटाच्या दाराला आतून आणि गॅसच्या शेगडीमागच्या फरशीवर माझ्या याद्या चिकटवलेल्या असतात. त्यामुळे घरात चार फुटी काचेची टाकी आली तेव्हा तिच्यावरही काहीतरी चिकटणार, हे घरच्यांनी ओळखलंच होतं. टाकीत अकोल्याहून आणलेले अकरा आफ्रिकन सिक्लिड. पिवळे, निळे, आणि दिवसभर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. सगळ्यात मोठा निळा हा टाकीचा सरपंच.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, हे मासे मूळचे आफ्रिकेतल्या एका सरोवरातले. दगडांवरचं शेवाळ खरवडून जगतात. आतडं लांब असतं. म्हणून हिरवं खाणं जास्त, किडे-झिंगे क्वचित, आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातला एक दिवस काहीच द्यायचं नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि अमरावतीला परतताच तक्ता केला. सोमवारी शेवाळाच्या गोळ्या, मंगळवारी उकडलेला पालक, बुधवारी साल काढलेले मटार, असं करत शनिवारच्या रकान्यात लिहिलं: उपवास. शनिवारच का, तर सासूबाईंचाही शनिवार असतो, सगळ्यांच्या लक्षात राहील. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर चांगलीच खूश होते. तक्ता लॅमिनेट करून आणला.

चार महिने माशांना मीच खायला घातलं, त्यामुळे तक्त्यात काही चूक असेल अशी शंका यायला वावच नव्हता. मग ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी दोन दिवस अकोल्याला जावं लागलं. जाताना सासूबाईंना म्हटलं, "आई, तक्त्यात लिहिलंय तसं करा, बाकी डोकं चालवायचं नाही."

त्यांनी चालवलं नाही.

रविवारी सकाळी परत आले तर निळा दगडामागे तिरपा उभा. पोट टम्म. एरवी ज्याच्या सावलीला कोणी फिरकत नसे, त्याची शेपटी एक फुटकळ पिवळा चावत होता.

"आई, काल यांना काय दिलं?"

"काल त उपास होता न त्याइचा," सासूबाई म्हणाल्या. "साबुदाण्याची खिचडी देल्ली."

"खिचडी?"

"मिरची नाही लागू देल्ली. तूप निघेपर्यंत तीनदा धुतली. संध्याकाळी उकडलेलं रताळं. कावून, भगर द्या लागत होती काय?"

पेपरामागून नवरा म्हणाला, "मी पाहिलं आईला टाकताना. पण तक्त्यात उपवास होता. तुझ्या तक्त्याच्या मधात कोण पडते?"

"उपवास म्हणजे काहीच खायचं नाही," मी ठणकावून सांगितलं.

ज्या घरात मी हे बोलत होते, तिथे शनिवारी साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस होतो. 'उपवासाचं सामान' असा वेगळा मथळा घालून त्याची यादी मीच करते.

सासूबाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मंग निरंकार लिवा लागत होतं न बाई. निर्जळ त त्याइले जमणार नाही."

मी विकणाऱ्याला फोन लावला. त्यानं "खिचडी?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाला, कोणालाही काही खाऊ घालू नका, रोज थोडं पाणी बदला. दोन-तीन दिवसांत पोट साफ झालं तर वाचेल, नाहीतर कठीण आहे. फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि दुपारी ताटावर बसल्याच नाहीत.

"त्याच्या पोटात माही खिचडी हाये," त्या म्हणाल्या. "ते निघाल्याशिवाय मी जेवत नाही."

त्यांना शुगर आहे. गोळ्या जेवणानंतरच्या. चूक माझ्या शब्दाची, पोट माशाचं आणि उपाशी पंचाहत्तरीच्या बाई. मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. शेवटी गोळीपुरती अर्धी भाकर आणि ताक, तेही औषध म्हणून, एवढ्यावर तडजोड झाली.

मी अर्थातच यादी केली. पाणी बदलणे, फिल्टर धुणे, तापमान पाहणे. अर्ध्या तासात सगळं संपलं. उरलं ते एकच काम: काही न करणे. त्याचाही मी एक रकाना आखला आणि दिवसातून तीनदा त्यात बरोबरची खूण करत राहिले. सासूबाई मात्र टाकीसमोर खुर्ची टाकून नुसत्या बसल्या. माशाकडे एवढा वेळ मी कधीच पाहिलं नव्हतं. मी कायम तक्त्याकडेच पाहत आले होते.

सोमवारही तसाच गेला. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि शुगर मोजू म्हटलं की त्या हात मागे घेत.

मंगळवारी ऑफिसात आढावा बैठक होती. बैठकीत मी फोन बंद ठेवते, इतरांनाही ठेवायला लावते. त्या दिवशी चालू ठेवला. साहेब आकडे वाचत असताना तो वाजला.

"झाली वं त्याले संडास," सासूबाई म्हणाल्या.

"मोकळी झाली का?" मी विचारलं. मोठ्यानं विचारलं, हे साहेब वाचायचे थांबले तेव्हा कळलं.

"लांबच्या लांब. आता बाहेर आला, त्या पिवळ्याले हाकलून राहिला."

शेजारच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "नातू का?" मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही ठरवता आलं नाही.

"तुम्ही आधी जेवून घ्या," मी फोनवर म्हटलं.

"जेवतो. त्याले काय देऊ?"

तक्ता घरी होता. आणि उपाशी राहून उठलेल्या माशाला काय द्यायचं, ते त्यात नव्हतंच. "मटाराचा एक दाणा द्या," मी अंदाजानं म्हटलं.

"एक जास्त होते," सासूबाई म्हणाल्या. "अर्धाच देतो. मंग पाहू."