झुंबरबाईंचा सुटा स्क्रू

कृष्णातचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान शाहूपुरीत, आमच्या कार्यालयाच्या जिन्याखाली होतं. मशीन हातात आलं की तो आधी कानाशी धरून हलकेच हलवायचा आणि विचारायचा, "कोण हाय आत?" गिऱ्हाईक हसायचं. आत एखादा स्क्रू सुटला असला, तर त्याला तेवढ्यावर कळायचं. पुठ्ठ्यावर मशीनचा आकार काढून तो प्रत्येक स्क्रू जिथला तिथे टोचून ठेवी. त्यामुळे जोडताना घोटाळा होत नसे.

२००७ च्या उन्हाळ्यात गडहिंग्लजहून झुंबरबाई आल्या. टॉवेलात गुंडाळलेला जुना लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, अमरसिंहचा होता. पुण्यात नोकरीला असताना तो तापाने गेला.

"त्यात माझ्या पोरानं बोलून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "सुरू हुतंय आन् मधीच मशीन गप हुतंय. तेवढं ऐकाय पायजे."

कृष्णातने सवयीने मशीन हलवलं. आत खडखडलं. "कोण हाय आत?" तोंडून निघून गेलंच.

"अमरसिंह हाय," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

उघडल्यावर एक सुटा स्क्रू बोर्डावर फिरताना सापडला. तो नको तिथे टेकला की मशीन बंद पडत होतं. कृष्णातने बाकीचे ढिले स्क्रू आवळले. सुटा मात्र कुठला ते कळेना, कारण एकही भोक रिकामं नव्हतं. त्याने तो डबीत टाकला. अमरसिंहचा आवाज शेवटपर्यंत वाजला. "आई, जेवलीस न्हवं? दिवाळीला येतोय मी."

काही दिवसांनी बाई लॅपटॉप घेऊन परत आल्या. मी तेव्हा दुकानातच बसलो होतो.

"आता काय बिघडलं, आक्का?" कृष्णातने विचारलं.

"आवाज येतोय, पर त्यो गेला. आधी तिन्हीसांजेला हाक मारली की कपाटात मशीन खडखडायचं. आता न्हाय. काय काढलंस रे बाबा आतलं?"

"उंदीर असंल कपाटात."

"उंदराला माझ्या पोराचं नाव ठावं हाय व्हय?"

कृष्णातने डबी पुढे ओढली. मग त्याने डबीतून तो स्क्रू शोधला, पेनाच्या नळीच्या तुकड्यात घातला आणि दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद केली. नळी मशीनच्या आत एका रिकाम्या कोपऱ्यात चिकटवली. स्क्रू आता कशाला टेकणार नव्हता, पण सुटाच राहणार होता. असं काम त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

"आता इचार," बाई म्हणाल्या.

भारनियमनामुळे वीज गेलेली होती, पंखा थांबलेला. बंद लॅपटॉप टेबलावर होता आणि कृष्णातचे दोन्ही हात मांडीवर.

"कोण हाय आत?" त्याने हळूच विचारलं.

आत एकदा खडखडलं.

बाईंनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, "चल, गाडी चुकंल," असं टॉवेलाकडे बघत म्हणाल्या आणि स्टँडकडे निघाल्या.

कृष्णात अजूनही मशीन कानाशी धरून हलवतो. विचारत मात्र काही नाही.